यमाच्या कचेरीतले दाजी

परमेश्वराने माणसं घडवताना प्रत्येकाच्या वाट्याची लाज मोजून दिली असेल, तर आमच्या दाजींच्या वाट्याची त्याने चुकून माझ्याच पदरात टाकली, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. जव्हार संस्थानच्या कचेरीत ते बारनिशी सांभाळत, म्हणजे आल्यागेल्या कागदांची नोंद ठेवत. माझं दुर्दैव असं, की त्यांच्याच शब्दावर मलाही तिथे चिकटवून घेतलेलं होतं, आणि राहायलाही मी त्यांच्याच घरी होतो. त्यामुळे दिवसभर कचेरीत लाजायचं आणि संध्याकाळी घरी येऊन उरलेलं लाजायचं, असा माझा कार्यक्रम ठरलेला. भर बाजारात अनोळखी माणसाला थांबवून दाजी खड्या आवाजात सांगत, "अहो, तुमचा काष्टा सुटलाय!" तो बिचारा काष्टा सावरून निघून जाई, आणि त्याच्या वाटची मान खाली घालून मी उभा. लग्नाच्या पंगतीत बुंदीवाला आला की म्हणत, "हे आमचे मेव्हणे लाजतात. यांच्या पानात भरपूर वाढा, मी खाईन." आणि खात!

कचेरीत तेच. खेड्यातून आलेला अर्ज दाजी कधी नुसता वाचत नसत, चाल लावून म्हणत. चालीत न बसणारा अर्ज खोटा असतो, असा त्यांचा सिद्धांत होता. एकदा जामसरचा एक शेतकरी आला. त्याच्या बांधावरचं झाड कुणीतरी परस्पर तोडून नेलं होतं. दाजींनी त्याचा अर्ज असा काही आळवला, की ऐकता ऐकता तो डोळ्याला पंचा लावून हुंदके देऊ लागला. "सायेब," तो म्हणाला, "मी येवढा दुखात हाय, ह्ये मला घरून निघताना ठावं नव्हतं!" आतल्या खोलीतून शिरस्तेदारसाहेब नुसते खाकरले. शिरस्तेदार म्हणजे आमच्या कचेरीतले सर्वांत मोठे, आणि कधी न हसणारे. त्या खाकरण्याचा अर्थ दाजींना कळत नसे. मला कळे, आणि माझे कान तापत.

अशा या माणसाला जन्मात एकाच गोष्टीची लाज वाटे, ती त्यांच्या गावच्या बोहाड्याची. दाजींचं घर मोखाड्याचं. तिकडे होळीनंतर देवीच्या उत्सवात मुखवटे घालून सोंगं नाचतात आणि कुठलं सोंग कुणाच्या घरचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. कुणाच्या घरी गणपती, कुणाच्या घरी रावण. दाजींच्या घरी होता चित्रगुप्त, यमाच्या मागोमाग पोथी घेऊन येणारा त्याचा कारकून. सोंग आलं की पुढे पेटता टेंभा, बाजूला संबळ, आणि बसलेले लोक हात जोडून उभे राहतात. आतला माणूस रोजचा शेजारी असला तरी उभे राहतात, कारण मुखवट्याआड तो शेजारी राहिलेला नसतो. आणि सोंग नाचवायला घरात कुणी नसलं, तरी त्या घराची पाळी वगळत नाहीत. टेंभा आणि संबळ रिकाम्या वाटेने जाऊन येतात. अशी लागोपाठ तीन वर्षं वाट रिकामी गेली, की त्या घराचा मान संपला.

दाजींचे वडील बांधावरून पडले आणि त्यांचा गुडघा कायमचा गेला. दाजी एकुलते एक, त्यातून लहानपणीच शिकायला म्हणून जव्हारला आलेले. सोंगाची ती दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे अशी चाल त्यांच्या पायांत कधी उतरलीच नाही. पहिल्या वर्षी वडिलांनी खाटेवर बसून त्यांना अंगणात नाचवून पाहिलं. थोडा वेळ पाहिलं, आणि पंचा तोंडावर ओढून घेत म्हणाले, "पुरं कर. तुज्या पायांना कचेरीचा वास येतो." वाट रिकामी गेली. पुढल्या वर्षीही गेली. त्या दोन्ही खेपांना दाजी ऐन बोहाड्यात गावी न जाता जव्हारला घरात पडून राहिले. एरवी पंगतीत माझं पान खाणारा माणूस आक्काने वाढलेल्या ताटाकडे पाहतही नव्हता. आक्का मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आणखी एक वर्ष असं गेलं ना, की हे मामंजींना तोंड दाखवायचे नाहीत बघ. आणि मामंजी तरी किती दिवस पुरणार?"

त्याच पावसाळ्यानंतर संस्थानचे काही छापील कागद आणायला आम्हा दोघांना नाशिकला धाडलं. काम लवकर आटोपलं आणि दाजींनी मला बोलपटाला नेलं. नाव मी आता विसरलो, पण तो सगळा बोलपट एका ऑफिसात घडत होता. मुंबईचं भलंमोठं ऑफिस, रांगेने मांडलेली टेबलं, प्रत्येक टेबलाशी कोट घातलेला कारकून. साहेब आत आला की सगळे माना खाली घालून लिहीत, आणि साहेबाची पाठ वळली रे वळली की सगळे गात! टाइपरायटरची टकटक हळूहळू ठेक्यात शिरे, शिक्के ठपाठप पडू लागत, फायली या टेबलावरून त्या टेबलावर उडत, आणि एक गोरीपान टायपिस्ट बाई टेबलावर चढून गिरक्या घेई. शेवटी साहेबाच्या हातात कुणीतरी कागद कोंबतं, साहेब तो वाचतो, आणि साहेबही नाचू लागतो.

पहिलं गाणं सुरू झालं आणि दाजी ताडकन उठले. मला वाटलं त्यांना बाहेर जायचंय. पण नाही. पडद्याकडे तोंड करून हात जोडून ते उभेच राहिले. मागून आरडाओरडा सुरू झाला. "ओ पागोटंवाले! खाली बसा!" "अहो, आम्हीही पैसे दिलेत!" मी त्यांचा कोट ओढला. "दाजी, बसा ना!" तर दाजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मलाच म्हणाले, "सोंग आल्यावर बसायचं असतं का, मेव्हणे? कुठे शिकलात हे?" प्रत्येक गाण्याला ते उभे राहिले, आणि प्रत्येक गाण्याला मी खुर्चीत आणखी खाली घसरत गेलो, ते शेवटी जवळजवळ जमिनीला लागलो. बाहेर आल्यावर वाटलं, आता काही तरी म्हणतील. म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण जावकात नोंद न करता त्या बाईने कागद दुसऱ्या टेबलावर दिला, हे मला पटलं नाही." मग चालता चालता एकदम वाटेतच थांबले. "मेव्हणे, कारकून नाचतो हो! मी उगाच घाबरत होतो. हा नाच मला येईल. याच्या पायांनाही कचेरीचाच वास आहे!"

झालं. त्या दिवसापासून बोहाड्यापर्यंत माझे जे हाल झाले ते वैऱ्याचे होऊ नयेत. दाजींनी तालीम सुरू केली, आणि तीही कुठे, तर कचेरीत. शिक्का मारायचा तो ठेक्यातच. ठप्, ठप्, ठपाठप्. कागदाची नोंद झाली की तो माझ्याकडे द्यायला अर्धी गिरकी. फडक्यात दप्तर बांधताना खांदे उडवायचे. आमचा शिपाई मुळात गंभीर माणूस, पण त्यालाही त्यांनी ठरावीक जागी किल्ल्यांचा जुडगा वाजवायला लावला, आणि तो इमानेइतबारे वाजवू लागला. दाजींची खरी अडचण वेगळीच होती. आमच्या कचेरीत टेबल असं नव्हतंच. आम्ही सगळे बैठकीवर मांडी घालून पुढ्यात उतरतं मेज घेऊन लिहीत असू. "मांडी सोडून उठेपर्यंत निम्मं गाणं संपतं," असं ते कुरकुरत. शेवटी त्यांनी टेबलांसाठी रीतसर मागणी केली. कारण म्हणून लिहिलं, 'चपळाईस अडथळा.' शिरस्तेदारसाहेबांनी मला आत बोलावलं. दाजींना नाही, मला! "तुमच्या मेहुण्यांची प्रकृती बरी आहे ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आहे साहेब," आणि बाहेर येऊन पाहतो तर दाजी माझ्या मेजावर एक पाय ठेवून ते वजन पेलतं का ते अजमावत होते.

सकाळची तालीम शिरपामाळावर. गावापासून दूर, म्हणजे कुणी पाहणार नाही, असं मीच सुचवलं होतं. पण लाकडाच्या मोळ्या आणायला निघालेल्या बायका त्याच वाटेने जातात, हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यांनी पाहिलं तर पागोटं घातलेला एक गृहस्थ उघड्या माळावर एकटाच गिरक्या घेतोय आणि तळव्यावर मूठ आपटतोय. त्यांना वाटलं, अंगात आलंय. मोळ्या खाली ठेवून त्या हात जोडून बसल्या. त्यातली साखरशेतची एक म्हातारी पुढे झाली आणि पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "देवा, माजी शेळी हरपलीय. कवा गावंल?" दाजी गिरकी न थांबवता म्हणाले, "अर्ज करा!" मी करवंदीच्या जाळीमागे लपलो होतो तो तिथेच बसलो. दुसऱ्या दिवशी म्हातारी खरोखर अर्ज घेऊन कचेरीत हजर झाली आणि शिरस्तेदारसाहेबांसमोर दाजींकडे बोट दाखवून म्हणाली, "या देवानं सांगलंय." साहेब खाकरलेसुद्धा नाहीत, नुसते माझ्याकडे पाहत राहिले. दाजींकडे पाहायचं सोडून हे सगळे माझ्याकडेच का पाहत, देव जाणे.

आणि तरी खरं सांगतो, मी त्यांना थांबवलं नाही. थांबवणार होतो. एका संध्याकाळी मनाशी सगळं जुळवून घरी आलो, तर दाजी अंगणात नाचत होते आणि आक्का ओट्यावर बसून सुपातले तांदूळ निवडता निवडता त्यांना ठेका देत होती. दाजी धापा टाकत थांबले आणि म्हणाले, "मेव्हणे, सोंगापुढे टेंभा घरच्या माणसाने धरायचा असतो. मुखवट्यातून नीट दिसत नाही, म्हणून त्याने सोंगाकडे तोंड करून उलट्या पावली चालायचं असतं. मला भाऊ नाही. तुम्ही धराल का?" त्या माणसाने मला आयुष्यात पहिल्यांदा काही विचारलं होतं, एरवी सांगायचेच. आक्काचा हात सुपात थांबला. मी म्हटलं, "धरीन."

बोहाड्याला सगळी कचेरी आली. शिरस्तेदारसाहेबांसाठी तर पंचांनी पुढे खुर्ची मांडली. आमच्या नशिबाने यमाची पाळी उजाडता उजाडता. म्हणजे रात्री नुसत्या टेंभ्याच्या उजेडात चार गोष्टी झाकल्या गेल्या असत्या, तर तीही सोय नाही. एका बाजूला खाटेवर दाजींचे वडील काठी धरून बसले होते. अंगणातल्या त्या 'पुरं कर'पासून बापलेकांत चकार शब्द झालेला नव्हता. यम गेला. संबळवाल्याने चित्रगुप्ताची जुनी सावकाश चाल धरली, मी टेंभा उचलला, आणि मिशाळ मुखवटा घालून दाजी आले. लोक उभे राहिले. पहिली दोन पावलं बरी पडली. मग त्यांनी पोथी उघडली, उजवी मूठ डाव्या तळव्यावर आपटली, आणि नाशिकचं ते आख्खं ऑफिस मोखाड्याच्या वाटेवर उतरलं. काय ती गिरकी, काय ते खांदे! पोथीतले कोरे कागद काढून ते डावीकडे देत, उजवीकडे देत, अदृश्य टेबलावरून उडी मारत. उलट्या पावली चालताना मला लोकांचे चेहरे दिसत नव्हते, पण पाठीवर ते सगळे जाणवत होते. आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी फिस्‌कन हसलं, मग बरेच हसले. दाजी शिरस्तेदारसाहेबांसमोर आले, आणि त्या बोलपटातल्यासारखा त्यांनी साहेबांच्या हातात कागद कोंबला.

साहेब उठले होते खरे, पण त्या कागदाला हात लागताच मटकन खुर्चीत बसले. इकडे संबळवाल्याला पावलं सापडेनात. त्याने दोनदा चाल बदलून पाहिली, आणि हात आखडते घेतले. संबळ थांबला! सोंग वाटेत उभं असताना संबळ थांबल्याचं त्या गावाने कधी पाहिलं नव्हतं. दाजी एक हात वर तसाच ठेवून थबकले. मुखवट्याच्या भोकांतून त्यांचे डोळे मला तेवढ्या जवळून दिसत होते. त्या डोळ्यांत जे होतं ते मी चांगलं ओळखत होतो, कारण आजवर ते माझंच होतं. त्यांच्या वाट्याची लाज त्या क्षणी त्यांना सापडली होती, आणि देवाशप्पथ सांगतो, ती परत माझ्याकडे यावी म्हणून मी वाटेल ते केलं असतं.

तेवढ्यात ठप् असा आवाज आला. म्हाताऱ्याने काठी खाटेच्या लाकडावर आपटली होती. ठप्, ठप्, ठपाठप्. एवढा वेळ तो मुखवटा नव्हे, लेकाचे पाय पाहत होता. "वाजव रं!" तो संबळवाल्यावर खेकसला. "थांबला कशापायी? यमाकडं काम वाढलंय आता. कारकून काय सावकाश चालत जाईल?"

गाव हसलं, पण ते हसणं वेगळं होतं. संबळवाल्याने काठीकडे कान दिला, मान हलवली आणि तो ठेका उचलला. दाजी नाचले. असे नाचले की मला उलट्या पावली पळावं लागलं. लोकांनी हात जोडले, बायकांनी लेकरं पायांवर घातली. दाजी खाटेसमोर आले तेव्हा म्हातारा काठीच्या आधाराने उठला आणि त्यानेही हात जोडले, सोंगाला जोडतात तसेच. मुखवट्याच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. तो घामच होता, असं दाजी पुढे जन्मभर सांगत राहिले. आणि कडेला शिरस्तेदारसाहेब पुन्हा उभे राहिले होते, तो कोरा कागद दोन्ही हातांत धरून. कचेरी उघडली तेव्हा त्यांनी तो माझ्या मेजावर ठेवला आणि म्हणाले, "आवकात घ्या." मी घेतला. विषयाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून दाजींना विचारलं. ते गिरकी घेऊन म्हणाले, "किरकोळ."

त्यानंतर दाजींनी दरसाल चित्रगुप्त नाचवला आणि दरसाल मी टेंभा धरला. म्हातारे गेले, ते मान राखून गेले. ती बोलपटातली चाल गावात इतकी मुरली, की नंतर जन्मलेली पोरं ती वाडवडिलांपासूनची आहे असं मलाच ठासून सांगत. मी काही खोडून काढलं नाही. दाजींच्या दोन्ही मुली लग्न होऊन सासरी गेल्या. पुढे एका थंडीत साध्या तापाचं निमित्त झालं आणि दाजी गेले. शेवटपर्यंत त्यांनी वैद्याला लाजवलं. मलाही लाजवलंच. कचेरीत त्यांच्या जागी आलेला गृहस्थ शिक्का इतका हळू मारी, की मारला की नाही हे उठून पाहावं लागे.

त्या वर्षी होळी झाली आणि आक्का म्हणाली, "तू जा. सोंग नाही, पण टेंभा तरी धर. त्यांच्या वाटेवर परक्याचा उजेड नको." मी गेलो. उजाडता उजाडता यम पुढे गेला आणि चित्रगुप्ताची पाळी आली. मी टेंभा घेऊन उलट्या पावली निघालो. समोर नुसती वाट, धुळीची, रिकामी. संबळवाला आता पिकलेला. त्याने जुनी सावकाश चाल धरली नाही. ठप्, ठप्, ठपाठप्. त्याने ऑफिसच वाजवलं. सगळं गाव होतं, कचेरीतली नवी मंडळी होती, आणि निवृत्त झालेले शिरस्तेदारसाहेब त्यांच्या त्याच जागी खुर्चीत होते. माझे पाय अडखळले. मला वाटलं दगड लागला. दगड नव्हता. मी टेंभा डाव्या हातात घेतला, आणि माझ्या हातून जन्मात कधी झाली नव्हती ती अर्धी गिरकी झाली. मग पुरी झाली. शिरस्तेदारसाहेब खुर्चीतून उठले, आणि त्यांच्या मागे एकेक करून सगळे उठले. मला लाज वाटत होती. दोघांच्या वाट्याची वाटत होती. पण संबळ थांबेपर्यंत मी काही थांबलो नाही.